माझ्या फायलीतल्या दोन बायका

सोमवार, ९ मार्च १९८१. रक्कम पंचाहत्तर दिनार. हजर तिघं: मी, माझी पत्नी आणि कुवेतच्या मिरकाब भागातल्या एका टायपिंगच्या दुकानाचा मालक.

पंचाहत्तर दिनार त्याने मागितले होते. त्या बदल्यात तो मुंबईहून आमच्या लग्नाचा दाखला आणून देणार होता. लग्न १९६७ साली साताऱ्यात झालेलं, दाखला मुंबईचा, आणि तोही तीन आठवड्यांत. मी विचारलं, "कागज असली होगा क्या?" तो म्हणाला, "भाईसाब, शिक्का एकदम असली." कागदाबद्दल तो काहीच बोलला नाही.

मी तिथून लगेच उठलो असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मी आणखी एक प्रश्न विचारला, पैसे दोन हप्त्यांत चालतील का. तेवढ्यात पत्नीने पर्स उचलली आणि ती दाराबाहेर गेली. जिन्यात मी तिला गाठलं तेव्हा ती म्हणाली, "मी खरी नर्स आहे. खोट्या कागदावर कशाला जाऊ?"

तिचं बरोबर होतं. पण दुसरा मार्गही दिसत नव्हता.

आमची अडचण अशी होती. मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे भांडाराचे हिशेब ठेवत होतो. पत्नी सरकारी रुग्णालयात सात वर्षं नर्स होती. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊ. माझ्या कंपनीचं काम डिसेंबरअखेर संपणार होतं. काम संपलं की कफील, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर आपण या देशात राहतो तो मालक, आपला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करतो. मुलांचे इकामे माझ्याच इकाम्यावर होते. पत्नीचा इकामा रुग्णालयाचा होता, तो राहिला असता. पण बायकोच्या इकाम्यावर नवऱ्याला राहता येत नसे. म्हणजे जानेवारीपासून मी आणि मुलं साताऱ्याला, आणि ती एकटी नर्सेसच्या वसतिगृहात. हे गणित मी कितीतरी वेळा मांडून पाहिलं होतं. उत्तर बदलत नव्हतं.

अशात तिच्या वॉर्डातून आदल्या वर्षी ऑस्ट्रियाला गेलेल्या एका सिस्टरचं पत्र आलं. व्हिएन्नाच्या एका रुग्णालयाला नर्स हव्या होत्या. पत्नीने अर्ज केला आणि फेब्रुवारीत तिची निवड झाली. नोकरी, राहायला दोन खोल्या, आणि वर्षभराने कुटुंबाला बोलावण्याची मुभा. कामाची परवानगी रुग्णालयाने तिकडेच काढली होती. राहण्याचा परवाना तेवढा इथल्या ऑस्ट्रियन वकिलातीतून घ्यायचा होता. कागद ३० एप्रिलपर्यंत पूर्ण झाले नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती.

मुलीने ॲटलास उघडून व्हिएन्ना शोधलं. "There is no sea, Baba," ती म्हणाली. मी म्हटलं, साताऱ्यालाही नाही. तिने ॲटलास मिटला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कागद घेऊन वकिलातीत गेलो. खिडकीपलीकडे पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी आमचे कागद शांतपणे वाचले आणि मग त्यांचे दोन गठ्ठे केले. एका गठ्ठ्यावर बोट ठेवून मला विचारलं, "या कोण?"

"माझी पत्नी."

दुसऱ्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "आणि या?"

"त्याच."

बाईंनी चष्मा काढला. मग मी त्यांना आमची रीत सांगितली. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो. तिन्ही भाग बदलले की जुन्यातलं एक अक्षरही शिल्लक राहत नाही. पत्नीचं नर्सिंगचं प्रमाणपत्र १९६५ सालचं, माहेरच्या नावाचं. पासपोर्ट १९७३ सालचा, रेशनकार्डावरून काढलेला, सासरच्या नावाचा. कुवेतला येताना मुंबईच्या नोटरीपुढे तिने स्वतः केलेलं एक प्रतिज्ञापत्र चालून गेलं होतं.

"प्रतिज्ञापत्र मी वाचलं," बाई म्हणाल्या. "पण त्यात यांनीच सांगितलंय की त्या म्हणजे त्या आहेत." मग त्या पुढे म्हणाल्या, "माझी अडचण समजून घ्या. इकडे एक नर्स आहे, तिच्याकडे पासपोर्ट नाही. इकडे एक पासपोर्ट आहे, पण त्या बाई नर्स नाहीत. दोघींचा नवरा मात्र एकच दिसतो."

आधी पत्नी हसली. मग बाईही हसल्या. मला हसू आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. हिशेब तपासताना मीसुद्धा हेच म्हटलं असतं.

त्यांना दोन्ही नावं असलेला लग्नाचा सरकारी दाखला हवा होता. तो नसेल तर, नात्यात नसलेल्या आणि कुवेतमध्ये इकाम्यावर राहणाऱ्या कुणीतरी भारतीय वकिलातीत शपथेवर सांगायचं होतं, की नाव बदललं तेव्हा मी तिथे होतो. मी विचारलं, माझी शपथ चालेल का. "तुमची नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नवरे आहात."

आमच्या लग्नाची नोंदणी झाली नव्हती. तेव्हा आमच्यासारख्या घरांतून कुणी करत नसे. लग्नपत्रिका होती, पण पत्रिकेवर मुलीचं माहेरचंच नाव असतं. टायपिंगच्या दुकानात आम्ही गेलो तो त्यानंतरचा सोमवार.

त्या संध्याकाळी मी जमाखर्चाच्या वहीतलं एक पान घेतलं. एका बाजूला पत्नीला जुन्या नावाने ओळखणारी माणसं लिहिली, दुसऱ्या बाजूला नव्या नावाने ओळखणारी. पहिल्या बाजूला तिचं माहेर, शाळा, नर्सिंगच्या वर्गातल्या मुली. दुसऱ्या बाजूला कुवेतचं रुग्णालय आणि बँक. दोन्हीकडे येणारी माणसं फक्त नात्यातली होती, आणि ती सगळी भारतात होती.

"दुसऱ्या बाजूला फार नावं नाहीत," मी म्हटलं.

"कुठून असणार?" ती कणीक मळत होती. "तुमची आई मला धाकटी म्हणायची. मुलं आई म्हणतात. वॉर्डात सगळे सिस्टर म्हणतात."

"आणि मी?"

"तुम्ही अगं म्हणता."

मी आठवून पाहिलं. चौदा वर्षांत मी तिला त्या नावाने एकदाही हाक मारली नव्हती. नाव मात्र मीच ठेवलं होतं. माझ्या मोठ्या वहिनीचं आणि हिचं नाव एकच होतं, घरात घोटाळा नको म्हणून आईने बदलायला सांगितलं. लग्नाच्या सकाळी दाढी करता करता मी एक नाव ठरवलं. तीन अक्षरी, जोडाक्षर नसलेलं, तांदळावर लिहायला सोपं. त्याच आठवड्यात मी एक फाउंटन पेन घेतलं होतं आणि त्यासाठी तीन दुकानं फिरलो होतो.

"तुला आवडलं होतं का ते नाव?" मी विचारलं.

"आता विचारताय?"

"हो."

"तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली आणि पोळपाट पुढे ओढला.

मिरकाबातल्या आमच्या इमारतीच्या खालीच चिपळूणकडच्या एका मुसलमान गृहस्थाचं बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान होतं. तो पत्नीच्या गावचा. माझे सासरे गावच्या शाळेत मास्तर होते आणि हा त्यांच्याकडे चौथीपर्यंत शिकलेला. तो तिच्याच वयाचा होता आणि तिला माहेरच्या नावाने हाक मारायचा. मी त्याच्या गावाचा जावई, म्हणून माझी सतत चेष्टा करायचा. यादीत तो पहिल्या बाजूला होता. त्याला जुनं नाव माहीत, नवं कुठून माहीत असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन दिवसांनी आम्ही दोघं तांदूळ आणायला खाली उतरलो.

"या जावईबापू," तो म्हणाला. "मोजून घ्यायचे की विश्वास आहे?"

"मोजून."

"मास्तरांनी जावई बघितला पण वाण्याच्या दुकानातला." मग त्याचं पत्नीकडे लक्ष गेलं. "काय गो, तोंड का उतरलंय? ऑस्ट्रियाचं काय झालं?"

तिने त्याला सगळं सांगितलं. दोन गठ्ठे, दोन बायका, शपथ. शेवटी म्हणाली, "तुला माझं नवं नाव माहीत असतं तर तूच चालला असतास."

"माहीत नाही असं कोण बोललं?" तो म्हणाला, आणि त्याने ते तीन अक्षरी नाव घेतलं.

"तुला कसं माहीत?" पत्नीने विचारलं.

"मी होतो की तुमच्या लग्नाला," तो म्हणाला. "सदुसष्टचा मे महिना. आमचा ट्रक आंबे घेऊन कराडला निघालेला. मास्तर बोलले, तसाच पुढं साताऱ्याला चल, पोरीचं रुखवत पोचव. मी क्लीनर. जेवलो पण तिथं, पंगतीत बसून. जावईबापू, तुमच्याकडचा मठ्ठा पाणचट होता."

"असेल," मी म्हटलं.

"येताना मास्तर केबिनमधे बसले, माझ्या बाजूला. कुंभार्लीचा घाट उतरेपर्यंत दोन्ही नावं घेत होते. जुनं, मग नवं. जुनं, मग नवं. शाळेत पाढे घोकून घ्यायचे ना, तसं. मी बोललो, गुरुजी, काय चाललंय? तर बोलले, पाठ करतोय. पत्रावर पत्ता लिहिताना चुकायला नको, नाहीतर पोरीला पत्र पोचायचं नाही."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने दुधाचे डबे दिले. मी सासऱ्यांना पाच वर्षं ओळखत होतो. बहात्तर साली ते गेले. नावाबद्दल त्यांनी माझ्याकडे कधी एक शब्दही काढला नव्हता, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं.

"मग मी येतो वकिलातीत," तो म्हणाला. "शपथ घेतो. कधी येऊ ते सांगा."

"इकामा दाखवावा लागेल," मी म्हटलं.

त्याने ड्रॉवरमधून इकामा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्याचं काम लिहिलं होतं शेतमजूर, वफ्रा. चार वर्षांपूर्वी त्याच्या कफीलला शेतावरच्या माणसांचेच व्हिसे मिळाले होते. त्याने माणूस वफ्राच्या शेतावर दाखवला आणि मिरकाबच्या दुकानात बसवला. याने वफ्राचं शेत एकदाच पाहिलं होतं, टोमॅटो आणायला गेला तेव्हा.

"तुमची बायको कागदावर दुसरीच बाई, मी कागदावर शेतकरी," तो हसत म्हणाला. "जोडी बरी जमेल."

वर आल्यावर मी विचार करत बसलो. त्याचा कागद सरकारी खिडकीपुढे जाणार, काम काय करता म्हणून विचारणार. तो खरं बोलला तर दुकान जाणार आणि इकामाही. खोटं बोलला तर ते आमच्यासाठी शपथेवर घेतलेलं खोटं. त्याचे दोन धाकटे भाऊ गावाला त्याच्या पैशावर शिकत होते. कदाचित कुणी काही विचारलंही नसतं. पण ते 'कदाचित' त्याच्या वाट्याचं होतं आणि फायदा आमच्या वाट्याचा. हे मला पटेना. मी पत्नीला सांगितलं, त्याला घेऊन जायचं नाही.

मला वाटलं ती चिडेल. एप्रिल जवळ येत होता. पण ती पलंगाखालची ट्रंक ओढत होती.

"बाबा पत्ता चुकले नाहीत कधी," ती म्हणाली. ट्रंकेच्या तळाशी, रेशमी साडीच्या घडीत, वडिलांची पत्रं होती. एकूण तेवीस. सगळी निळी आंतरदेशीय. ती आपल्या परीने कागद जमवत होती आणि मी माझ्या परीने, पण घरची पत्रं हाही पुरावा असतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी एकेक पत्र हातात घेतलं. आंतरदेशीय म्हणजे एकच कागद, तोच दुमडून पाकीट होतो. बाहेर पत्त्यावर नवं नाव, माझं नाव, आडनाव, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. त्यावर टपालाचा तारखेचा शिक्का. आणि त्याच कागदाच्या आत, "चि." पुढे, जुनं नाव. तेवीसच्या तेवीस पत्रांत तसंच. पहिलं जून १९६७ मधलं होतं. गाय व्यायली, पाऊस लांबला, आईचं गुडघ्याचं दुखणं, आणि मग हे वाक्य: "बाहेर नवे नाव लिहिले आहे, ते बरोबर आहे ना ते कळव. आत जुनेच लिहितो. मला तेवढी सवलत असू दे."

ते वाक्य तिने मला वाचून दाखवलं. चौदा वर्षं ते पत्र माझ्याच घरात होतं.

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन मी दुकानदाराला सांगितलं की तुम्हाला यायची गरज नाही.

"का? शेतकरी बघून घाबरलात?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "पण नाही झालं काम तर मी येणार. तिचा बाप माझा मास्तर होता, तुमचा नव्हता."

भारतीय वकिलातीत पहिल्या पत्राचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर शिक्का घ्यायचा होता. तिथले कारकून नागपूरकडचे होते. त्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "सवलत याला इंग्रजीत काय लिहू? हा शब्द तर एसटीच्या पासचा आहे." शेवटी त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. भाषांतराचे आणि शिक्क्याचे तीन दिनार पाचशे फिल्स मी भरले.

सोमवार, ३० मार्चला आम्ही पुन्हा ऑस्ट्रियन वकिलातीत गेलो. बाईंनी भाषांतर वाचलं. मग मूळ पत्र मागितलं, ते उलगडलं, आतली बाजू पाहिली, पुन्हा दुमडलं आणि बाहेरची बाजू पाहिली. असं त्यांनी तीनदा केलं. बोटाने दोन्ही नावांची अक्षरं ताडून पाहिली, त्यांना ती वाचता येत नव्हती तरी.

मी आधीच सांगून टाकलं, "लिहिणारे वडील आहेत. म्हणजे नातेवाईक."

"हो," बाई म्हणाल्या. "पण टपाल खातं तुमचं नातेवाईक नाही." त्या शिक्क्याची तारीख बघत होत्या. "नियमात पत्र बसत नाही. मला व्हिएन्नाला विचारावं लागेल. बाकीची पत्रं आहेत?"

पत्नीने बावीस पत्रं खिडकीत ठेवली. बाईंनी पहिल्या पत्राबरोबर ठेवून घ्यायला त्यांतली चार निवडली, वेगवेगळ्या वर्षांची, आणि पोच लिहून दिली. परत नक्की मिळतील ना, असं पत्नीने दोनदा विचारलं. त्या नोकरीबद्दल तिने एकदाही असं विचारलं नव्हतं.

नंतरचे बावीस दिवस आम्ही नेहमीसारखे कामाला गेलो. मी साताऱ्याच्या दोन शाळांना प्रवेशासाठी पत्रं लिहून ठेवली, पण टाकली नाहीत. मुलीला त्यांतलं एक सापडलं. तिने विचारलं, "So are we going or not?" पत्नी म्हणाली, "मराठीत विचार, मग सांगते." मुलीने मराठीत विचारलं. पत्नी म्हणाली, "माहीत नाही." मुलगी म्हणाली की हे तर इंग्रजीतही सांगता आलं असतं.

मंगळवारी, २१ एप्रिलला, वॉर्डात फोन आला. बुधवारी सकाळी आम्ही दोघांनी रजा टाकली. बाईंनी आधी पाचही पत्रं परत केली, आणि ती मोजून घ्या असं मलाच सांगितलं. मी मोजली. मग त्यांनी परवान्याचा फॉर्म पुढे सरकवला. त्यावर पासपोर्टचं नाव टाइप केलेलं होतं, आणि त्याखाली, लग्नाआधीचं नाव म्हणून, जुनं पूर्ण नाव. दोघी एका कागदावर आल्या होत्या.

खाली एक रिकामी ओळ होती. बाईंनी समजावलं, रुग्णालयाच्या बिल्ल्यावर जे नाव घालायचं ते इथे लिहा, दोन्हींपैकी कुठलंही चालेल.

पत्नीने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिने पाहायचं काही कारणही नव्हतं. तिने वडिलांनी ठेवलेलं नाव लिहिलं. मला वाटतं तिला ते लिहायची सवय राहिली नव्हती, कारण दुसऱ्या अक्षराशी ती जराशी थांबली. मग सही केली.

"जुलैच्या एक तारखेला रुजू व्हायचं," बाई म्हणाल्या. "कुटुंबासाठी पुढच्या वर्षी अर्ज करा. त्या वेळी तुमची कागदपत्रंही आणा." शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. "तुमचं नाव तरी एकच आहे ना?"

"एकच," मी म्हटलं.

शुल्क शेजारच्या खिडकीत भरायचं होतं. मी पाकीट काढलं, तर पत्नी म्हणाली, "अहो, राहू द्या." तिने स्वतःच्या पगारातल्या नोटा मोजून ठेवल्या. रोखपालाने पावती कुणाच्या नावावर करू असं विचारलं आणि तिने त्याला दोन्ही नावं सांगितली, आधी जुनं. भरले ते चौदा दिनार दोनशे पन्नास फिल्स, ऑस्ट्रियन वकिलातीच्या रोखपालाला.